निरगुडीची चाल

“...मग योद्ध्याला वैद्यकी घेता येते की नाही, सर? हो किंवा नाही, एकच सांगा.”

समरजितने हे तिसऱ्यांदा विचारलं. हुक्केरी मास्तर टेबलावरच्या बाहुल्या मांडत राहिले.

इचलकरंजीत सायकलच्या दुकानावर मास्तरांची खोली आहे. चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रविवारी दुपारी तिथं खेळ चालवतो. कथा मास्तरांची, पात्रं खेळणाऱ्यांची, आणि वाद पडला की फासा. समरजितचा योद्धा, शरयूची वैदू निरगुडी, इरफानचा चोर. पात्र अनुभवाने वाढलं की त्याची पातळी चढते. मग आपलीच विद्या पुढं न्यायची, की दुसरी एखादी जोडून घ्यायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

बाहुल्या मास्तर स्वतः शाडूच्या करतात, न भाजता. पात्र मेलं की त्याची बाहुली टेबलाखालच्या पाण्याच्या घमेल्यात जाते आणि त्याच मातीतून पुढची होते. मेलेलं परत येत नाही. त्या टेबलावर याबाबतीत कोणाचं काही चालत नाही.

“एक ना धड भाराभर चिंध्या,” इरफान म्हणाला.

“तू गप रे. मी सगळा हिशेब केलाय.”

केलाच असणार. आकडेमोडीत समरजितचा हात धरणारा तिथं कोणी नव्हता. आपल्या योद्ध्याचं नाव त्याने रणधुरंधर ठेवलं होतं, यावरून बाकीचं समजून घ्यावं.

“वैद्यकी कशाला हवी?” मास्तरांनी विचारलं.

“मागच्या रविवारी मी पडलो होतो, सर. आणि ही चोराच्या जखमा बांधत बसली.”

“त्याचं रक्त जास्त जात होतं,” शरयू म्हणाली.

“असेल. पण मला कोणाची वाट बघायची नाही. कोणाची गरजच नको.”

मास्तरांचे हात थांबले...

त्यांनी शरयूपुढचा, तिच्या पात्राच्या नोंदींचा कागद उचलला, इरफानचाही उचलला, आणि दोन्ही समरजितपुढं ठेवले.

“घे. तिन्ही विद्या तुझ्या. तुम्ही दोघं खाली जाऊन चहा घ्या.”

“सर, माझी निरगुडी...” शरयू कासावीस झाली. हे पात्र तिने खेळाच्या पहिल्या दिवसापासून सांभाळलं होतं.

“चहा घ्या,” मास्तर म्हणाले.

दोघं गेले. समरजित खुशीत होता. त्याने चोराकडून गडाचं कुलूप उघडवलं आणि योद्ध्याला आत घातलं. दारामागे राक्षस होता. मास्तरांनी फासा टाकला. रणधुरंधर आडवा झाला.

“आता वैदूची चाल,” मास्तर म्हणाले.

हिशेब सोपा होता. निरगुडी पुढं गेली तर योद्धा नक्की उठणार. पण तिथं ती राक्षसाच्या हातात सापडणार, आणि तिचं जगणं फाशावर. नाही गेली तर योद्धा मेला. योद्धा मोलाचा, तेव्हा वैदूला पाठवायचं. समरजितने निरगुडीची बाहुली चिमटीत धरली.

उचलली मात्र नाही.

“काय झालं?”

“ही शरयूची आहे, सर.”

“कागद तुझ्यापुढं आहे की.”

समरजितने बाहुली सोडून दिली.

“चाल कर. उशीर होतोय.”

समरजित उठला आणि गॅलरीत जाऊन खाली वाकला. “शरयू! जरा वर ये.”

ती हातात ग्लास घेऊनच वर आली. मागोमाग इरफान.

“मी पडलोय,” समरजित म्हणाला. हे म्हणताना त्याला लाज वाटली. “तू आलीस तर मी उठेन. पण राक्षस तुला सोडायचा नाही. तूच सांग, काय करू?”

“पडलायस आणि विचारत काय बसलायस? सरक.”

तिने ग्लास बाजूला ठेवला आणि निरगुडीला स्वतःच्या हाताने पुढं सरकवलं. योद्धा उभा राहिला. मग मास्तरांनी फासा टाकला आणि सगळे त्याच्यावर वाकले.

निरगुडी मेली.

शरयूने बाहुली उचलली आणि घमेल्यात सोडली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. पाणी गढूळ होत गेलं.

समरजितला ते बघवेना. आता त्याला वाद घालायचा नव्हता, पण तोंडातून तेच आलं.

“मला वैद्यकी येत असती ना सर, तर हिला यावं लागलं नसतं.”

मास्तर घमेल्याकडे बघत होते.

“खरं आहे,” ते म्हणाले. “ती आलीच नसती.”