गाठीची उस्तवार

एका देहात एक तरुण टी-पेशी होती, म्हणजे रोगाशी लढणारी देहाची शिपाई. छातीच्या हाडामागे थायमस नावाची कडक शाळा आहे. आपलं कोण आणि परकं कोण, हे तिथं शिकून ती नुकतीच फुप्फुसाच्या गावी परतली होती. गावात कॅन्सरची गाठ झाल्याचं तिनं वाटेतच ऐकलं होतं. तिला वाटलं होतं, वेशीवरच लढाई दिसेल, आरोळ्या ऐकू येतील. प्रत्यक्षात गाठ मधोमध लोळत पडली होती आणि गावचे राखणदार तिचे पाय चेपत होते.

राखणदारांत थोरले होते भक्षककाका. उभा जन्म त्यांनी जंतू गिळण्यात आणि जखमा भरण्यात घालवला होता. त्यांच्या घराण्याची रीतच होती: ‘जखम झाली’ अशी हाक आली की काही विचारायचं नाही, मलमपट्टी करायची आणि रक्ताची नवी वाट काढून द्यायची. गाठीनं ही रीत बरोबर हेरली होती. ती सारखी कण्हायची आणि काका सारखे धावायचे.

“काका, ही जखम नाही,” टी-पेशी म्हणाली. “जखम भरत येते तशी लहान होते. ही तर तुमच्याहून जाड झालीय.”

“अंगी लागतंय हो तिच्या,” काका कौतुकानं म्हणाले.

गावाला मात्र श्वास पुरेनासा झाला होता. गाठ अशीच वाढली तर सगळा देहच जाणार होता. टी-पेशी चवताळून गाठीवर धावली. गाठ रागावली नाही. दमलीस का गं, असं विचारत तिनं टी-पेशीची पाठ थोपटली. आता, टी-पेशींच्या पाठीवर एक कळ असते. घरच्यांनी ती दाबली की शांत व्हायचं, म्हणजे रागाच्या भरात घरचंच कुणी मारलं जात नाही. गाठ त्याच घरात वाढलेली. तिला कळ ठाऊक होती. क्षणात टी-पेशी इतर शिपायांशेजारी घोरू लागली.

दुपारी शिरेतून डॉक्टरांचं औषध आलं आणि सगळ्यांच्या कळांवर टोपणासारखं बसलं. थोपटून थोपटून गाठीचा हात दुखला, पण कुणी झोपेना. टी-पेशी जागी झाली ती इतकी तापून, की पहिला हल्ला तिनं शेजारच्या निरोगी पेशीवरच केला. “अगं बाई, मी इथलीच,” म्हणत ती बिचारी आडोशाला पळाली. टी-पेशी ओशाळली.

तिकडे काकांची मलमपट्टी चालूच होती. या वेळी टी-पेशीनं वाद घातला नाही. गाठीला एक प्रश्न तेवढा विचारा, अशी विनवणी केली.

काकांनी विचारलं, “बाई, ही जखम भरणार कधी?”

गाठ कण्हायची थांबली. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “थोडीच राहिलीय,” ती पुटपुटली. “रक्ताची आणखी एक वाट मिळाली की झालं.”

काकांच्या हातातली पट्टी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टी-पेशीनं ठरवलं: पाठ थोपटली म्हणून कुणाला सोडायचं नाही आणि डोकं तापलं म्हणून कुणाला धरायचं नाही. प्रत्येक पेशीच्या दारावर ती निरोगी की बिघडलेली हे सांगणारी खूण असते, ती आधी वाचायची, मगच हात उचलायचा. आणि काकांना गद्दार म्हणून हाकलायचं नाही, बरोबर न्यायचं. गिळण्यात त्यांचा हात कोण धरणार?

तात्पर्य एवढंच: मदतीला जरूर धावावं, पण आपल्या मदतीवर कोण पोसलं जातंय, हे मधूनमधून विचारावं.