जेठीमाईचं पाणी

“...आणि आणखी काय काय सोडलंस?” लाधूबाबांनी विचारलं.

श्रीधर नेरूरकर या प्रश्नाचीच वाट पाहत होता. तो मांडी सावरून बसला.

“चहा सोडला, बाबा. भात सोडला. उशी सोडली. आता बोलणंसुद्धा सोडत आणलंय.”

“ते मात्र अजून लक्षात येत नाही,” बाबा म्हणाले आणि शेळीसाठी दोरी वळत राहिले.

श्रीधर मूळचा कुडाळचा. नोकरीवर पाणी सोडून, आईशी भांडून, ऐन थंडीत तो जैसलमेरच्या पलीकडे या फकिराच्या तकियात येऊन धडकला होता. आता उन्हं तापायला लागली तरी गडी हलला नव्हता. तकिया तरी कसला? एक गवताची झोपडी, एक शमीचं झाड, जमिनीत खोदलेलं पाण्याचं टाकं, चार शेळ्या आणि लाधूबाबा.

सुरुवातीला त्याचे फार हाल झाले. भाकरीत वाळू, अंथरुणात वाळू, कानात वाळू. इथे ताटं वाळूनंच घासतात हे पाहून पहिल्या दिवशी तो जेवलाच नाही. आंघोळीचं तर विचारूच नका. बाजेवर बसायचं, खाली परात ठेवायची आणि अंगावरून ओघळलेलं पाणी शेळ्यांना पाजायचं. पहिल्यांदा त्याच्या आंघोळीचं पाणी शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं, तेव्हा बाबा पोट धरून हसले होते. पठ्ठ्यानं साबण लावला होता.

आणि माणसं... वाळवंट म्हणजे शांतता, असं तो घरून ठरवून आला होता. इथे लांबवर माणसाचा ठिपका दिसला की बाबा लगबगीनं चुलीवर चहाचं भांडं चढवत. ठिपका दारात पोचेपर्यंत चहा तयार. मग कुणाची उंटीण व्याली, कुणाची सून रुसली, विहिरीला पाणी किती राहिलं, सगळं साग्रसंगीत. श्रीधर अशा वेळी झोपडीत जाऊन डोळे मिटून बसायचा आणि बाहेरचं हसणं आपल्याला ऐकू येत नाही असं स्वतःला सांगायचा.

पण वाळवंट त्याला आवडायला लागलं होतं, हे खरंच. सकाळी गुलाबी दिसणारी वाळू दुपारी पांढरीफटक पडायची. रानात दूर कुठेतरी एखाद्या बाईची तांबडी ओढणी दिसली की उगाच बरं वाटायचं. इथून जायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

पण राहायचं ते पाहुणा म्हणून नव्हे. टेकाडापलीकडे बाबांची एक रिकामी झोपडी होती. बाबा ज्याला तिथे एकांतात बसायला सांगत, तो त्यांचा शिष्य. बाकी आलेगेले सगळे पाहुणे. आईला तो सांगून आला होता, शिष्य झालो तरच कळवीन. अजून काहीच कळवलं नव्हतं, आणि आता त्याला त्याची लाज वाटायला लागली होती.

म्हणून त्यानं शेवटी हुकमाचं पान टाकलं.

“बाबा, मी तहानसुद्धा जिंकली आहे.”

बाबांचे दोरी वळणारे हात थांबले.

“ते कसं?”

“काल जेठीमाईची चुकलेली शेळी पोचवायला गेलो होतो ना. भर दुपारची वेळ. घसा नुसता कोरडा पडलेला. माईनं पाण्याचा लोटा पुढे केला... मी हातसुद्धा लावला नाही.”

“काय म्हणालास?”

“नको, म्हटलं. मला पाणी लागत नाही.”

“मग?”

“मग काय, आलो परत. माई नुसती बघत राहिली.”

बाबांनी दोरी खुंटीला अडकवली, पायात जोडे सरकवले आणि काठी घेतली.

“चल.”

श्रीधरचा ऊर भरून आला. झोपडी दाखवायला नेताहेत, असं त्याला वाटलं. पण बाबा टेकाडाकडे न वळता सरळ जेठीमाईच्या घराच्या वाटेला लागले.

जेठीमाई एकटीच राहायची. म्हातारी, विधवा, जातीनं मेघवाळ. तिच्या माणसांची घरं पिढ्यानपिढ्या गावापासून दूर, आणि त्यांच्या हातचं पाणी न पिणारे लोक तिनं जन्मभर पाहिले होते. हे सगळं श्रीधरला ठाऊक होतं. काल दुपारी ते त्याला आठवलं नव्हतं, इतकंच.

दोघं पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. माईनं बाज टाकली, वर गोधडी अंथरली. बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. शेळीला पाला घातला. वाऱ्यानं छपराचं गवत कसं उडालं ते सांगितलं.

पाणी आणलं नाही.

श्रीधर अस्वस्थ झाला. इतके महिने या मुलखात राहून त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. इथे अनोळखी माणसालाही आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. बाबांचे ओठ सुकले होते. ते आरामात छपराकडे बघत होते.

शेवटी माईच म्हणाली, “बाबा, पाण्याचं विचारलं नाही. रागावू नका.”

“मी कुठे रागावलो?”

“काल तुमच्या या माणसानं घेतलं नाही. वीस वर्षं तुम्ही इथे पाणी पिताय, कधी नाही म्हणाला नाहीत. मला वाटलं, आता तुमच्याकडेही आमच्या हातचं चालेनासं झालं असेल. उगाच पुढे करून तुमची पंचाईत कशाला करू...”

ती हे अगदी साधेपणानं बोलली. आवाजात तक्रार नव्हती, आणि श्रीधरला तेच सोसवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माई, तसं नाही हो,” तो घाईघाईनं म्हणाला. “तसलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं. ही माझी साधना आहे. मी कमीत कमी पाण्यावर राहतो.”

“साधना?”

“म्हणजे... तहानेवर ताबा.”

माईनं जरा विचार केला.

“तुला काल तहान लागली नव्हती का, दीकरा?”

“...लागली होती.”

“माझं पाणी खराब वाटलं?”

“नाही, माई.”

“मी खराब वाटले?”

“नाही हो.”

“मग प्यालास का नाही?”

श्रीधरनं आशेनं बाबांकडे पाहिलं. बाबांचं लक्ष छपराकडेच होतं.

तत्त्वज्ञानावर तासन्‌तास बोलणारा हा माणूस शेळीकडे बघायला लागला. शेळी रवंथ करत त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“माई,” तो शेवटी म्हणाला, “पाणी देता का?”

“तुला लागत नाही ना?”

“लागतं.”

“किती?”

“...पुष्कळ.”

माईच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हलल्या. ती उठली आणि मडक्यातून लोटा भरून आणला. श्रीधरनं तो दोन्ही हातांनी घेतला. पाण्याला किंचित खारट चव होती, चुलीच्या धुराचा वास होता. त्यानं एका दमात लोटा रिकामा केला. थोडं पाणी दाढीतून ओघळलं, ते त्यानं तळव्यानं गोळा करून चाटलं. माईनं ते पाहिलं आणि तिला ते फार आवडलं असावं, कारण दुसरा लोटा तिनं न विचारताच भरला.

मग बाबा प्याले. घटाघटा आवाज करत, मान मागे टाकून. फकिराला शोभणार नाही इतकं प्याले.

“तुझा मुलूख कुठला रे?” माईनं आता ऐसपैस बसत विचारलं.

“समुद्राकाठचा. आमच्याकडे चार महिने पाऊस पडतो, माई.”

“चार महिन्यांत मिळून किती दिवस?”

“रोजच. कधी कधी आठ आठ दिवस थांबतच नाही.”

माई हसली. बाबांना म्हणाली, “पोरगा गोड थापा मारतो.”

“खरंच, माई. शपथ.”

“मग एवढं पाणी ठेवता कुठे?”

“ठेवत नाही. नदीला जातं. नदी समुद्राला मिळते.”

“समुद्राचं पाणी पिता?”

“छे, ते खारट.”

“म्हणजे गोड पाणी... खाऱ्यात सोडून देता? सगळं?”

“...हो.”

माईनं श्रीधरकडे अपार दयेनं पाहिलं. मग जवळ येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुमच्याकडे कुणी सांगणारं नाही का रे मोठं माणूस?”

आणि तिनं तिसरा लोटा भरून त्याच्या हातात दिला.

बाबांना हसू आवरेना. ते हसताहेत म्हणून माई हसायला लागली, आणि मग श्रीधरही. झोपडीत डोळे मिटून इतके महिने जे हसणं त्यानं अडवून धरलं होतं ते सगळं एकदम सुटलं. डोळ्यांतून पाणी आलं. माईनं विचारलं, आई आहे का? आहे, म्हणाला. तुझी वाट बघत असेल, माई म्हणाली. बघते, तो म्हणाला. मग माईनं बाजरीची भाकरी आणि ताक आणलं आणि दुपार कलेपर्यंत कुणी कुणाला उठू दिलं नाही.

परत निघाले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. श्रीधरचं पोट पाण्यानं डचमळत होतं. बाबा पुढे काठी टेकत, काहीतरी गुणगुणत चालले होते.

वाळूत पाय रुतत होते, वारा पडला होता, आणि श्रीधरला फार हलकं वाटत होतं. टेकाड जवळ आलं. त्याच्या कडेवरून ती रिकामी झोपडी दिसायला लागली. एवढं सगळं झाल्यावर विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवेना.

“बाबा...”

“हं.”

“त्या झोपडीचं काय? मला एकांत कधी देणार?”

बाबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे अजून हसत होते.

“तो तर तू कालच घेऊन आलास ना, जेठीच्या दारातून, पाण्याऐवजी. पुरला नाही?”