दुसरी चावी

"कुलूप तोडलं तर पाप लागेल का, महाराज? घर माझं, खोली माझी, कुलूपही मीच आणलेलं."

सोमगीर महाराज चुलीपुढे बसले होते. त्यांनी एक लाकूड आत सारलं. बोलले काहीच नाहीत.

औटी वकिलांना गप्प बसणाऱ्या माणसांची सवय नव्हती. कोर्टात त्यांनी भल्याभल्यांना बोलतं केलं होतं. टेकडीवरच्या या मठात मात्र त्यांची डाळ शिजत नसे. तरी दर शनिवारी गाडी घेऊन यायचे, वाद घालायचे आणि चिडून परत जायचे.

"मुलगा जाऊन वर्ष होईल आता," ते म्हणाले. "कावीळ काय झाली आणि मंदार गेला काय. सव्वीस वर्षांचा. मला दुःख नाही का? पण त्याच्या आईनं, आमच्या कुमुदनं, त्याच्या खोलीला कुलूप घातलंय. कपडे खुंटीवर तसेच, न धुतलेले. खिडकी उघडू देत नाही. दुपारी आत जाते, दार लावते आणि नुसती बसते. असं करतं का कोणी?"

महाराजांनी चुलीवरचा चहा उतरवून पेल्यात ओतला.

"हे वेड आहे, महाराज! उद्या कुलूप तोडतो. खोली झाडून, धुऊन रिकामी करतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

महाराजांनी पेला पुढे केला. "चहा पी."

"म्हणजे तोडू?"

"चहा पी म्हणलं."

वकिलांनी पेला तसाच ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि तरातरा निघाले. या माणसाकडे पुन्हा यायचं नाही, असं त्यांनी याही शनिवारी ठरवलं. महाराज काठी टेकत मागोमाग आले.

गाडी उन्हात उभी होती. मंदारचीच गाडी. पहिल्या कमाईतून त्यानं ती कोणाची तरी वापरलेली घेतली होती, आणि "हे खटारं कशाला?" म्हणून वकिलांनीच तेव्हा नाक मुरडलं होतं. आतला खटका दाबून दार ओढलं की कुलूपच लागायचं. चावी कुठे आहे, हे त्या जुन्या दाराला काय कळणार?

चावी आत लटकत होती.

वकिलांनी चारही दारं ओढून पाहिली. मग चाकाला लाथ मारली. लाथ त्यांनाच लागली.

"आता हेही!" ते ओरडले. "एवढंच राहिलं होतं माझ्या नशिबात."

महाराजांनी खाली वाकून एक दगड उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"फोड."

"काय?"

"गाडी तुझी, काच तुझी. फोड आन् घाल हात."

वकिलांनी दगड घट्ट धरला. हात वर केला...

हात वरच राहिला. कपाळावरून घाम गळू लागला. मग हात हळूहळू खाली आला.

"नवी काच बसती की," महाराज म्हणाले.

"बसते."

"मग रं?"

"आत त्याचा वास आहे." वकील काचेकडे बघत म्हणाले. "त्याच्या तेलाचा, घामाचा. अजून येतो. आतली हवा त्याची आहे, महाराज."

महाराजांनी काचेतून आत डोकावून पाहिलं.

"मी काचा खाली करत नाही. असल्या उन्हातसुद्धा नाही. दार इतकंसंच उघडतो, पटकन आत शिरतो, पटकन लावून घेतो. उतरतानाही तसंच... त्या गडबडीत चावी राहिली."

जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी खोट्या पाडलेला माणूस हे सांगत होता. वर्षभर दर शनिवारी उघडणाऱ्या दारातून काय उरलं असेल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. महाराजांना मात्र हसू आलं नाही.

"घरी सांगितलंस?"

"कुमुदला? छे. तिला कुठे सांगू? तीच आधी त्या खोलीत..."

वाक्य तिथेच थांबलं. दगड हातातून गळून पडला.

महाराजांनी तो काठीनं बाजूला सारला.

"दुसरी चावी?" महाराजांनी विचारलं.

"घरी आहे."

"घरात कुठं?"

"त्याच्या पँटच्या खिशात. गाडी शेवटची चालवून आला, पँट खुंटीला अडकवली आणि आडवा झाला, तो परत... त्या खोलीतच आहे."

"फोन लाव."

"ती नाही यायची. वर्षभर उंबरठा ओलांडलेला नाही तिनं."

"लाव."

वकिलांनी खिशातून फोन काढला.

"कुमुद, मी बोलतोय. चावी गाडीत राहिली गं. मठापाशी आहे मी."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसरी चावी मंदारच्या निळ्या पँटमध्ये आहे. तुला खिशात हात घालावा लागेल..."

इतकी शांतता, की फोन बंद झाला असं त्यांना वाटलं. मग अगदी हळू आवाज आला.

"अहो, काच तेवढी फोडू नका हं."

"नाही फोडत."

"मला ठाऊक आहे, तुम्ही काचा का लावून ठेवता ते. मी येते. एसटीनं येते."

फोन ठेवला आणि औटी वकील होते तिथेच धुळीत बसले. मुलाच्या दहाव्यालाही ते असे बसले नव्हते. सगळं नीट उभं राहून पार पाडलं होतं. डोळ्यांतून टिपूस नाही. वकील खंबीर आहेत हो, असं गावभर कौतुक झालं होतं.

"ती आली की दार उघडावं लागेल, महाराज," त्यांनी लहान मुलासारखं वर पाहिलं. "दोघं बसायचं म्हणजे दोन दारं. हळूच उघडली तर राहील ना हो त्याची हवा थोडी?"

"नाही राहायची."

वकिलांनी मान खाली घातली. महाराज काठी बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी धुळीत बसले. खालच्या रस्त्यावर अजून काहीच दिसत नव्हतं.

"रडायचं ते आत्ता रडून घे, वकील. ती आली की तिची बारी."