बिनबॅटरीचा यंत्रमानव

बोरखिंडी गावात एक गेनबा होता. भोळा म्हणावं तर बाकीच्या भोळ्यांना कमीपणा यावा, इतका भोळा. वय तीस, शिक्षण दुसरी, तीही दोनदा. आईची दोन शेरडं चारायची आणि उरलेला वेळ शाळेच्या खिडकीत बसायचं, एवढाच त्याचा उद्योग.

शाळेत मोकाशी बाई नव्यानं आल्या होत्या. पहिली-दुसरीची मिळून अकरा पोरं. त्यांना कोडिंग शिकवायचं असं बाईंनी मनावर घेतलं. शाळेत संगणक एकच, आणि तो खोक्यातून निघाला त्या दिवसापासून आजारी. पण बाई कसल्या ऐकतात! "संगणक म्हणजे काय," त्या पोरांना म्हणाल्या, "सांगाल तेवढंच करणारा शहाणा." मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"गेनबा, यंत्रमानव होतोस का?"

"व्हतो की. उभं ऱ्हायाचं का बसायचं?"

पोरांनी त्याच्या डोक्यावर खोकं चढवलं, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली. मग त्याच्याकडून भेळ करून घ्यायची ठरली. पोरं म्हणाली, "कांदा घाल." गेनबानं अख्खा कांदा सालासकट घातला. पोरं म्हणाली, "लिंबू पीळ." तो न चिरलेलं लिंबू पिळत बसला, हात लाल होईपर्यंत. दुसरीतली कार्तिकी ओरडली, "आधी चीर! मग पीळ!" तेव्हा कुठं भेळ झाली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "यंत्र सांगितलेलं करतं, न सांगितलेलं करत नाही. शाब्बास, गेनबा!"

तीस वर्षांत गेनबाला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. खोक्याच्या आत त्याला एकदम गहिवरून आलं.

त्याच दिवशी बाईंनी आनंदाची बातमी सांगितली. आसपासच्या शाळांपैकी एकाच शाळेला सायन्सची पेटी मिळणार होती. पुढच्या शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार. पेटीत लोहचुंबक, बल्ब, चाकं आणि वीतभर उंचीचा खराखुरा यंत्रमानव.

गेनबा ताडकन उठला. "म्हंजी माझ्याच कामातला?"

"हो रे, तुझ्याच."

"मंग मला त्येला भेटायचंय. दमल्यावर काय करतो, ते इचारायचंय."

तेव्हापासून शुक्रवार कधी, एवढंच त्याच्या डोक्यात. शेरडांनाही त्यानं सांगून ठेवलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "गेनबा, दळणाचा डबा गिरणीत ने." गेनबानं नेला. तासाभरानं हात हलवत परत आला.

"डबा कुठंय?"

"गिरणीत."

"आन् पीठ?"

"त्ये न्हाई सांगितलंस."

त्या रात्री मायलेक नुसतं कालवण प्याले. सकाळी आई तणतणत शाळेत आली. बाई म्हणाल्या, "अरे गेनबा, काम अर्धवट सोडायचं नसतं. बघ, पोरं काय करतात." पोरं काड्यापेट्यांची आगगाडी करत होती. एक पेटी लावायची, पुढं सरकायचं, पुन्हा एक लावायची. बाईंची शिट्टी होईपर्यंत तेच ते. गेनबानं डोक्यात पक्कं केलं, शिट्टीबिगर थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराच्या घरी बारसं होतं. गेनबाकडं आमटी वाढायचं काम आलं. ग्रामसेवक भाऊसाहेब पहिल्याच पाटावर बसले होते. गेनबा वाढू लागला.

"बास," भाऊसाहेब म्हणाले. गेनबानं वाढली.

"अरे बास, बास!" भाऊसाहेबांनी ताटावर हात आडवा धरला. गेनबानं हातावर वाढली. आमटी ताटातून पाटावर आली, पाटावरून पांढऱ्या लेंग्यावर. भाऊसाहेब किंचाळले, सुतार धावला. एवढ्यात आतल्या घरात भाताच्या कुकरनं शिट्टी दिली. गेनबा जागच्या जागी थांबला.

"वाजली," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, समोर काय आहे ते बघून वागावं माणसानं!" त्या दिवशी पोरांचा रंगीत पुठ्ठ्यांचा खेळ चालला होता. लाल दिसला तर थांबायचं, हिरवा दिसला तर चालायचं, पिवळा दिसला तर खाली बसायचं. गेनबा एकदाही चुकला नाही.

भाऊसाहेब मोठ्या मनाचे. त्यांनी सगळं विसरून गेनबाला ग्रामपंचायतीचं कपाट हलवायला हाताशी घेतलं. पुढं गेनबा, मागं भाऊसाहेब, मध्ये लोखंडी कपाट. वाटेत लाल लुगड्यातली सरूबाई आली. गेनबा थांबला.

"चल की रे!"

"लाल हाय."

सरूबाई गंमत बघत उभी राहिली, ती काही हलेना. भाऊसाहेबांचे हात भरून आले. तेवढ्यात पिवळ्या फ्रॉकातली एक पोर दुडूदुडू आली, आणि गेनबा फतकल मारून खाली बसला. कपाटही बसलं, भाऊसाहेबांच्या अंगठ्यावर.

आता मात्र गेनबाच रडकुंडीला आला. "बाई, माझं सारखंच चुकतंया. साहेबांम्होरं बी चुकलं तर?"

बाईंना त्याची दया आली. त्यांनी त्याला मणी ओवणाऱ्या पोरांमध्ये बसवलं. दोन लाल, एक पांढरा, दोन लाल, एक पांढरा. "चूक झाली की लाजायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकेक मणी मागं काढायचा, आणि पहिल्यापासून नीट ओवायचं." गेनबानं आपली माळ नऊ वेळा उसवली. दहाव्यांदा जमली. ती गळ्यात घालून तो घरी गेला.

शुक्रवार उजाडला. बाईंनी बजावलं, "साहेब आले की आधी हार, मग नारळ, मग चहा. मग आपला खेळ." जीप आली. धांदलीत नारळ झाला, चहा झाला, आणि अंगणात खडूनं आखलेल्या चौकटींवर खोकंवाला गेनबा उभा राहिला. पोरं बाणांचे पुठ्ठे दाखवू लागली. दोन घरं पुढं, उजवीकडं वळ, एक घर पुढं. गेनबा एकाही रेघेला पाय न लावता झेंड्याच्या खांबापाशी पोचला.

साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागले. "बाई, पेटी तुमचीच!" ड्रायव्हरनं पेटी आणून टेबलावर ठेवली. साहेब गेले की उघडायची असं ठरलं. साहेबांना भिंतीवरची चित्रं दाखवायला नेता नेता बाई गेनबाच्या कानात पुटपुटल्या, "अरे, हार राहिला की!"

हार खुंटीवर तसाच होता. आजच चूक व्हायची होती! पण चूक झाली तर काय करायचं, हे आता त्याला ठाऊक होतं. त्यानं पेटीवरून हात फिरवला. आत तो वीतभर यंत्रमानव होता. गेनबाचा जीव काही केल्या होईना, पण नियम म्हणजे नियम. त्यानं पेटी उचलली आणि गुपचूप जीपमध्ये मागं नेऊन ठेवली. साहेबांना पुढची शाळा गाठायची होती. ते घाईघाईनं पुढं बसले आणि जीप धुरळा उडवत गेली.

बाई बाहेर आल्या. गेनबा हार घेऊन फाटकात उभा.

"गेनबा, पेटी कुठंय?"

"मागं ठिवली जीपमंदी. हार ऱ्हायला न्हवं? आता समदं पयल्यापासनं."

बाईंनी रस्त्याकडं हात केला. "अरे देवा! पळ, गेनबा, पळ! जीप गाठ!"

गेनबा सुटला. डोक्यावर खोकं, हातात हार. ओढ्यावर म्हशी आडव्या होत्या, जीप तिथं अडकलेली लांबूनच दिसत होती. बाई आणि अकरा पोरं फाटकाला लटकून बघत राहिली. पुष्कळ वेळानं गेनबा धापा टाकत परत आला. खोक्याच्या भोकांतून त्याचे डोळे आनंदानं लुकलुकत होते. हात मात्र मोकळे.

"गाठलीस जीप?"

"गाठली की. हार घातला. सायेब लई खूश झालं."

"आणि पेटी?"

"बाई," कार्तिकी हळूच म्हणाली, "तुम्ही पेटी आण म्हणालाच नाहीत."

"तसं न्हाई गं," गेनबा म्हणाला. "सायेबांनी पेटी बघितली, सवताच्या हातानं मला देत हुते. म्याच म्हनलं, आत्ता नगं सायेब, आजून नारळ व्हायचाय."