न घासलेलं ताट

एका राज्यात सगुणाक्का नावाची बाई घसा फोडून एकच गोष्ट सांगत होती, आणि तिचं कोणी खरं मानत नव्हतं. बाई परकी नव्हती. राजा रत्नकेतूची सख्खी थोरली बहीण ती. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवला. पण दरबारात बहिणीचं कोण ऐकतो?

"राजाला भूत लागलेलं नाही," ती म्हणे, "त्याला ताट लागलंय!"

राजाच्या लग्नात आहेराच्या ढिगात एक सोन्याचं ताट आलं होतं. त्याला संपणं ठाऊक नव्हतं. जिलबी उचलली की जिलबी, पेढा उचलला की पेढा. राजा सकाळी त्याच्यापुढे बसे तो दिवेलागणीला उठे. भाकरी सुटली, भाजी सुटली, ताक सुटलं. सुरुवातीला स्वारी खुशीत असे. मग खुशी घटकेपुरती राहिली, आणि घटका सरली की राजा भिंतीकडे तोंड करून बसू लागला. झोप गेली. चाकरांच्या अंगावर धावून जाई नि मागाहून एकटाच रडे. पुढे रडणंही थांबलं, हसणंही थांबलं, आणि त्याची पावलं दगडाची झाली. रोज दगड थोडा वर चढे. काळजाला पोचला की राजा संपला, एवढं सगळ्यांना दिसत होतं.

"पोरी, खाण्यानं कधी कोणी उदास होतं का?" विश्वंभरमामा म्हणाले. राजाचे हे सख्खे मामा. राजा गेला तर गादी त्यांच्याकडे जायची. "नव्या राणीचा पायगुण बघ. सून आली आणि घर बसलं."

"मामा, सून आली त्याच दिवशी ताटही आलं. कुणी दिलं ते?"

"शेकड्यांनी आहेर आले. मी बापड्यानं तर शालजोडी दिली."

"मग त्यातला एक पेढा खाऊन दाखवा."

"मला गोड चालत नाही," मामा म्हणाले, आणि राणी शेवंतीला त्यांनी उत्तरेच्या बुरुजात कोंडलं.

आक्का तणतणत भांडी घासायच्या विहिरीवर आली. तिथं खरकटं टिपणारी एक साळुंकी होती. तिला बोलता येत होतं.

"आक्का, साऱ्या राजवाड्याची भांडी इथं येतात. सोन्याचं ताट मात्र कधी आलं नाही."

"रितं होतच नाही, तर घासायला येणार कसं?"

"तेच म्हणते. जे उपडं झालं नाही त्याचं बूड कोणी पाहिलं? आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. नावाशिवाय जादू चढत नाही आणि नाव पुकारल्याशिवाय उतरत नाही. राजाला तीन घास घाल. पहिला कडू, दुसरा आंबट, तिसरा नाचणीच्या भाकरीचा. आणि तो तिसरा एकट्यानं खायचा नाही, राणीच्या पंक्तीला बसून खायचा. मग ताट रितं होईल."

आक्कानं पदर खोचला.

कडू कारलं डोंगराच्या माथ्यावर होतं. वेलीपाशी नाग बसला होता.

"वाट सोड."

"का सोडू?"

"माझा भाऊ दगड होतोय."

नागालाही बहीण होती. त्यानं वाट सोडली.

आंबट चिंच राक्षसिणीच्या झाडाला होती. तिनं बदल्यात आक्काची लांब वेणी मागितली. आक्कानं विळ्यानं कापून दिली. "घे, उन्हाळ्यात तशीही जाचच होता."

राहिली राणी. बुरुजाच्या दाराला मंत्र होता, कुठल्याच किल्लीनं उघडू नये असा. आक्कानं किल्ली नेलीच नाही. मुसळ नेलं.

"वन्सं, तुम्ही?" राणी दचकली.

"रडायचं मागाहून. आधी नाचणी दळ."

दळण झालं, भाकरी झाली. दोघी राजाकडे पोचल्या तेव्हा दगड बरगड्यांना लागला होता. उशाशी मामा पेढा घेऊन बसलेच होते. आक्कानं त्यांना हातानं बाजूला सारलं आणि राजाच्या तोंडात कारल्याचा घास कोंबला.

"थू! हे काय अन्न आहे?" राजा गरजला. कितीतरी दिवसांनी त्याला खरा, कारणाचा राग आला होता. छातीचा दगड सुटला.

चिंचेच्या सारानं त्याचे डोळे गच्च मिटले, आणि उघडले ते पाण्यानं भरून. लहानपणी गुडघा फुटला की रडायचा तसा मोठ्यानं रडला. कंबर मोकळी झाली.

मग राणी शेजारी बसली. एक तुकडा तिनं घेतला, एक त्याला दिला. राजा चावत राहिला, चावत राहिला. मग तिच्या नाकावरचं पीठ पाहून खुदकन हसला आणि म्हणाला, "शेवंती, जरा मीठ वाढ. आणि कांदा आहे का?"

आक्का भिंतीला टेकून मटकन खाली बसली. भावानं कांदा मागितला होता. आता काळजी नव्हती.

ताटातला शेवटचा पेढा विरून गेला. राजा दोन्ही पायांवर उभा राहिला. उजव्या पायाचा अंगठा तेवढा अजून दगडाचा होता. त्यानं दरबार भरवला, राणीला शेजारी बसवलं आणि हुकूम दिला, "बुडावर ज्याचं नाव निघेल त्यानं हे ताट घेऊन राज्याबाहेर जावं, आणि जन्मभर त्यातच जेवावं."

आक्कानं ताट विहिरीवर नेऊन राखेनं लखलखीत घासलं. बूड वर करून ती दरबारात आली. दाराकडे कोणीतरी सरकत होतं.

"ऐका हो!" लग्नात आहेर पुकारतात तशा सुरात ती ओरडली. "चिरंजीव रत्नकेतूस ताटाचा आहेर! देणार कोण? राजमामा…" राजाचा अंगठा हलू लागला.

"…विश्वंभर!"