सिंहासनाखालचा हत्ती

शिखरगडच्या राजा गजबाहूला एकच नाद होता. आपल्या देवदाराचे ओंडके परमुलखात किती जातात, हे तो समोरच्याचे कान किटेपर्यंत सांगायचा. एकदा शेजारच्या खोरेपूरचा वकील सटवोजी दरबारात आला आणि आयताच तावडीत सापडला.

"आजोबांच्या काळी तुम्ही आमच्या दुप्पट ओंडके विकायचात," राजा गरजला. "वडिलांच्या काळी बरोबरी झाली. आज आमचे ओंडके नदीत मावत नाहीत आणि तुमचा एक दिसत नाही! खोरेपूर बुडालं म्हण आणि सीमेवरचं रान लिहून दे. नाहीतर मिशी इथे काढून ठेव!"

सटवोजीने मिशीला पीळ दिला. "महाराज, ओंडक्यांवर आपला शिक्का असतो ना?"

"प्रत्येकाच्या बुडाला! हत्तीचा!"

"मग जरा सिंहासनाखाली वाकून बघा."

राजा वाकला. पोट आडवं आलं, मुकुट घरंगळला, पण हत्ती दिसलाच.

"हे सिंहासन आमच्याकडूनच घेतलंत," सटवोजी म्हणाला. "आम्ही ओंडके विकणं सोडलं आणि सुतार ठेवले. तुमचा माल स्वस्तात घेतो आणि तुम्हालाच बसायला महागात देतो. नदी अशीच भरलेली ठेवा!"

उरलेला दरबार राजाने उभ्यानेच चालवला.