बारवेवरची नेमणूक

"मग कायद्याला मी तिथे हवा कशाला, बाबा?"

डॉक्टर विश्राम कोठावळे दर्ग्याच्या ओट्यावर टेकले होते. त्यांच्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन आधी कुणाचं, हे आता यंत्र ठरवत असे. कायदा म्हणतो, यंत्रावर माणसाची नजर हवी. ती नजर म्हणजे डॉक्टर. दोन वर्षं ते एकामागून एक नावाखाली 'संमत'चं बटण दाबत आले होते.

रहमतशहा फकीर गोधडीला टाके घालत होते. "नाही किती वेळा म्हणालात?"

"वेळच आली नाही. यंत्र माझ्याहून हुशार आहे."

हे सांगताना मान जरा ताठ झाली. मग आवाज खाली आला.

"नंदीबैल झालोय, बाबा. थकलो."

खरं दुखणं त्यानंतर बाहेर पडलं. सकाळी यंत्राने सुभद्राबाई हिवाळेंना या महिन्याच्या यादीतून काढून पुढच्या महिन्यात ढकललं. डॉक्टरांनी सवयीने बटण दाबलं. बाहेर आले, तर बाई दाराशीच धापा टाकत बसलेल्या. डॉक्टर खाली मान घालून निघून आले. आज संध्याकाळी पाचपर्यंत निर्णय अजून फिरवता येणार होता. पण कशाच्या जोरावर? कागद सगळे यंत्राच्या बाजूने होते.

फकीर टाके घालत राहिले...

खाली बारवेच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. तिथे बसलेल्या म्हाताऱ्याने लगेच हाक दिली.

"कोण ते? पाण्यात उतरायचंय का? पोहता येतं?"

"धुणं आहे, चाचा. वरच बसते," एका बाईचा आवाज आला.

डॉक्टरांनी चौकशी केली. फकिरांनी सांगितलं, एकदा इथे एक पाहुणा बुडाला. तेव्हा गावाने ठराव केला की काठावर दिवसभर एक माणूस बसलाच पाहिजे. तेव्हापासून लतीफचाचा बसतात.

"त्यानंतर किती बुडाले?"

"कुणीच नाही."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. म्हाताऱ्याची दोन्ही बुबुळं पांढरी पडली होती. त्यांना हसू आलं, पण त्यात जीव नव्हता.

"यांना तर दिसतच नाही, बाबा. ठराव आहे म्हणून बसवलंय. माझ्यासारखंच."

फकिरांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. 

"दिसत नाही, म्हणून ते प्रत्येकाला विचारतात. तुमच्या दाराशी बसलेल्या त्या बाईला तुम्ही काय विचारलंत?"